खेळाडूच्या पाठराखणीचे वजन किती?

प्रश्न : आम्ही काही मित्र गेली काही वर्षे अमेरिकी फुटबॉलचे सामने परळला एका मित्राच्या घरी एकत्र बसून पाहतो. २०२४ च्या हंगामाच्या अखेरीस न्यू इंग्लंड पॅट्रियट्सचा तरुण क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रे सांभाळणारा, चेंडू फेकणारा खेळाडू) ड्रेक मे याने आपले मुख्य प्रशिक्षक जेरॉड मेयो यांची जाहीर पाठराखण केली आणि थोड्याच दिवसांत मेयो यांना काढण्यात आले. त्यावरून आमच्यात सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही. काहींचे म्हणणे असे, की जो रोज प्रशिक्षकाबरोबर राबतो त्याचा शब्द मालकाने प्रमाण मानायला हवा होता. इतरांना वाटते की पोराने शिष्टाचार पाळला, बाकी त्यात काही नव्हते. पुढच्या वर्षीचा निकाल पाहून हे दुसऱ्या बाजूचे मित्र आता ड्रेक मेला भाबडा ठरवतात. आपले मत काय?
– एक वाचक, परळ

उत्तर : ड्रेक मेने त्या दिवशी आपल्या प्रशिक्षकाच्या कामाबद्दल मत दिले, असे आपल्या गटातील दोन्ही बाजूंनी गृहीत धरले आहे. माझ्या समजुतीप्रमाणे त्याने मत दिलेच नव्हते. आपण कोणाच्या बाजूला उभे आहोत एवढेच त्याने सांगितले, आणि पहिल्याच हंगामात खेळणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलाने त्या जागी जे करायला हवे ते सरळपणे केले.

ज्या वाचकांनी तो हंगाम पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. चोवीस हंगाम संघ सांभाळून सहा सुपर बोल, म्हणजे हंगामाचे अंतिम सामने, जिंकून देणारे बिल बेलिचिक जानेवारी २०२४ मध्ये बाहेर पडले आणि एकेकाळी त्यांच्याच हाताखाली खेळलेले मेयो त्यांच्या जागी आले. मेयो यांचे नाव संघमालक रॉबर्ट क्राफ्ट यांनी करारात आधीच पक्के करून ठेवलेले असल्यामुळे दुसऱ्या कोणाचा शोध घेतलाच गेला नाही. एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, जिथे तळाच्या संघाला पहिली संधी मिळते, तिसऱ्या क्रमांकावर ड्रेक मेची निवड झाली आणि ऑक्टोबरपासून संघाचे आक्रमण त्याच्या हाती आले. त्याच महिन्यात लंडनला जॅक्सनव्हिलकडून हरल्यावर मेयो यांनी आपल्याच संघाला पत्रकारांसमोर लेचापेचा म्हटले आणि दुसऱ्या दिवशी त्या विधानाला मुरड घातली. २८ डिसेंबरला घरच्या मैदानावर लॉस एंजेलिस चार्जर्सनी ४०-७ अशी धूळ चारली, तेव्हा मेयोंना काढा अशा घोषणा प्रेक्षकांमधूनच उठल्या. ड्रेक मेची पाठराखण त्या घोषणांनंतरची आहे. आम्ही सगळे प्रशिक्षकांच्या पाठीशी आहोत आणि ते मला आवडतात, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता.

हे त्याने आपणहून जाहीर केलेले निवेदन नव्हते, ही गोष्ट चर्चेत फार सहज विसरली जाते. एनएफएल या अमेरिकी फुटबॉल लीगच्या नियमानुसार खेळाडूंना सामन्यानंतर वार्ताहरांना सामोरे जावे लागते आणि मुख्य क्वार्टरबॅकला आठवड्याच्या मध्यावरही त्यांच्यासमोर उभे राहावे लागते. प्रशिक्षकाची नोकरी धोक्यात असताना तोच एक प्रश्न दहा तऱ्हांनी विचारला जातो आणि गप्प बसण्याची सोय नसते. उत्तर टाळले, तर संध्याकाळपर्यंत क्वार्टरबॅकने हात झटकले अशी बातमी होते. टीका केली आणि प्रशिक्षक टिकला, तर पुढचे वर्ष त्याच्याच हाताखाली काढायचे असते. शिवाय कपडे बदलण्याच्या खोलीत शेजारी बसणाऱ्या पन्नासेक सहकाऱ्यांतील अनेकांना त्याच प्रशिक्षकाने संघात घेतलेले असते. अशा स्थितीत पाठराखण हेच एक सभ्य उत्तर उरते. जे उत्तर जवळजवळ प्रत्येक नवखा खेळाडू देणार, त्यावरून प्रशिक्षक चांगला की वाईट हे ठरवता येत नाही.

आता रोज बरोबर राबणाऱ्याचा शब्द प्रमाण मानावा, या मुद्द्याकडे वळतो. क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणात एक छोटा स्पीकर बसवलेला असतो आणि त्यातून त्याला पुढच्या चालीचा आदेश मिळतो. चाल सुरू करण्याच्या घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो आवाज तोडला जातो, आणि त्यानंतर समोरचा बचाव वाचून जे ठरवायचे ते त्याचे त्याला ठरवावे लागते. २०२४ मध्ये ड्रेक मेच्या कानातला तो आवाज मेयो यांचा नव्हता, आक्रमणाचे प्रशिक्षक ॲलेक्स व्हॅन पेल्ट यांचा होता. मेयो खेळाडू म्हणूनही बचावाचे आणि प्रशिक्षक म्हणूनही बचावाचे. आक्रमण आणि बचाव यांच्या बैठका वेगळ्या, सराव बराचसा वेगळा, त्यामुळे मुख्य प्रशिक्षकाच्या कामाचा मोठा भाग क्वार्टरबॅकच्या नजरेला पडतच नाही. बचाव का ढासळला, साहाय्यकांची निवड कशी झाली, मालकाशी काय बोलणे झाले, यातले किती त्या मुलाला ठाऊक असणार? मेयो आपल्याशी कसे वागतात हे त्याला नेमके माहीत होते, आणि तो बोलला तेही तेवढ्यापुरतेच.

हाच खेळाडू पुढे चुकीचा ठरला, हे आपल्या मित्रांचे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. ५ जानेवारी २०२५ च्या शेवटच्या सामन्यात ड्रेक मेला पहिल्या आक्रमणानंतर बाहेर बसवण्यात आले, राखीव खेळाडूंनी बफेलोला २३-१६ असे हरवले, आणि त्या विजयामुळे ड्राफ्टमधला हाती आलेला पहिला क्रमांक जाऊन चौथा वाट्याला आला. सामना संपल्यावर काही तासांतच मेयो यांना काढल्याची बातमी आली, तेव्हा मुंबईत सोमवारची पहाट होती. सतरापैकी चार विजय हा हिशेब मालकापुढे होताच, पण आदल्या वर्षी बेलिचिक यांच्याही नावावर तेवढेच चार विजय होते. दुसऱ्या दिवशी क्राफ्ट यांनी कबूल केले की मेयो यांना आपणच न पेलणाऱ्या परिस्थितीत ढकलले. त्यानंतर आलेल्या माइक व्रेबल यांच्या हाताखाली याच ड्रेक मेने २०२५ च्या हंगामात १४ सामने जिंकले आणि संघ सुपर बोलपर्यंत पोहोचला. या निकालावरून बदल योग्य होता असे जरूर म्हणावे. मात्र आपल्या माणसाला अडचणीच्या आठवड्यात वाऱ्यावर न सोडणारा खेळाडू भाबडा होता, असे त्यावरून म्हणता येत नाही. उलट व्रेबल यांना असा क्वार्टरबॅक आयता मिळाला, जो संकटात प्रशिक्षकाचे नाव पुढे करून स्वतः मागे सरकत नाही.

खेळाडूच्या बोलण्यात खरे मत कधी असते, याचे एक उदाहरण देतो. डिसेंबर २०२१ मध्ये जॅक्सनव्हिलचा क्वार्टरबॅक ट्रेव्हर लॉरेन्स, तोही पहिल्याच वर्षातला, मुख्य प्रशिक्षक अर्बन मायर यांच्या हाताखाली खेळत असताना जेम्स रॉबिन्सन हा चेंडू घेऊन धावणारा खेळाडू पुन्हा पुन्हा बाहेर बसवला जात होता. लॉरेन्सने वार्ताहरांना सांगितले की रॉबिन्सन आमच्या उत्तम खेळाडूंपैकी एक आहे आणि तो मैदानात हवा. त्यात प्रशिक्षकावर हल्ला नव्हता, पण विषय नेमका होता, खेळाचा होता आणि त्याच्या डोळ्यांसमोरचा होता. अशा वाक्याला मी साक्षीचे वजन देईन. त्याच महिन्यात मायर यांना काढण्यात आले, अर्थात त्यामागे इतरही गंभीर कारणे होती.

हंगामात बोललेले आणि नंतर बाहेर आलेले यांतही अंतर पडते. शिकागो बेअर्सने नोव्हेंबर २०२४ मध्ये मुख्य प्रशिक्षक मॅट एबरफ्लस यांना हंगाम चालू असतानाच काढले, आणि तेही सकाळी त्यांना वार्ताहरांपुढे बसवून काही तासांनी, ही पद्धत मला अशोभनीय वाटली. पुढच्या वर्षी तिथला क्वार्टरबॅक कॅलेब विल्यम्स याच्या हवाल्याने प्रसिद्ध झाले की सामन्यांच्या चित्रफितींत काय पाहायचे हे त्याला कोणी सांगत नसे. त्यावर त्यानेही नंतर खुलासा केला. ज्याला चालू हंगामातच खरे चित्र हवे असेल, त्याने वार्ताहर परिषदेपेक्षा दर आठवड्याचा खेळ पाहावा. तीच चूक नोव्हेंबरातही होते का, घड्याळ संपत आल्यावर संघ गोंधळतो का, मार खाऊनही नवखा क्वार्टरबॅक चेंडू वेळेत सोडायला शिकला का, यावर आपल्या गटात वाद झाला तर त्यातून काही हाती लागेल.

प्रश्न : मग विराट कोहलीने रवी शास्त्रींची बाजू घेतली तेव्हा आपण सगळे त्याच्यावर का तुटून पडलो? तिथेही खेळाडू प्रशिक्षकाच्या पाठीशीच उभा होता.
– एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : बोलणे तसेच होते, बोलणाऱ्याचे बळ मात्र निराळे होते. २९ जुलै २०१९ ला वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर निघण्यापूर्वी कोहलीने इथे मुंबईतच सांगितले की रवीभाई कायम राहिले तर संघाला आनंद होईल. त्या वेळी तो तिन्ही प्रकारांतला कर्णधार होता. दोनच वर्षांपूर्वी, जून २०१७ मध्ये, अनिल कुंबळे यांनी राजीनामा देताना स्पष्ट लिहिले होते की कर्णधाराला आपल्या कार्यपद्धतीबद्दल आक्षेप आहेत असे मंडळाने आपल्याला कळवले. ज्याच्या नाराजीनंतर एक प्रशिक्षक गेला, त्याने निवड व्हायच्या आधी दुसऱ्याचे नाव घेतले, तर निवड करणाऱ्यांवर त्याचा दाब येतो, मग त्याचा हेतू कितीही स्वच्छ असो. ड्रेक मेच्या शब्दाने कोणावर असा दाब येण्याचा प्रश्नच नव्हता.

कपिल देव, अंशुमन गायकवाड आणि शांता रंगास्वामी यांच्या समितीने १६ ऑगस्टला शास्त्रींचीच फेरनिवड केली, पण कर्णधाराचे मत आपण विचारले नाही, विचारायचे तर सगळ्या संघाचेच विचारावे लागले असते, असे कपिल देव यांनी सांगितले. हा खुलासा मला पटतो. माझी अडचण एवढीच, की ते मत बंद खोलीत, आणि खरोखरच सगळ्या संघाचे, घ्यायला हवे होते. खेळाडूला प्रशिक्षकाबद्दल जे कळते ते फुकट घालवण्यासारखे नसते. ते चव्हाट्यावर आले की मात्र त्याचे दडपण होते.

प्रश्न : माझा एकोणीस वर्षांचा मुलगा मुंबईतल्या एका फुटबॉल क्लबच्या युवा संघात आहे. प्रशिक्षकांना बदलण्याचे घाटत आहे आणि त्यांच्या बाजूने एक पत्र मुलांच्या व्हॉट्सॲप गटावर सह्यांसाठी फिरत आहे. मुलाला त्यांच्याबद्दल आदर आहे, पण पत्रात लिहिलेले सगळेच त्याला पटत नाही. घरात दोन मते आहेत. आजोबा म्हणतात, गुरूसाठी सही करायला विचार कसला करायचा?
– एक आई, मुलुंड

उत्तर : ताई, आजोबांच्या भावनेचा मान राखूनच सांगतो. शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांनी वर्षानुवर्षे घडवलेली मुले त्यांच्याविषयी जे बोलत, ते एका दीर्घ सहवासातून आलेले होते. क्लबने करारावर नेमलेल्या प्रशिक्षकाशी दोन हंगामांत तसे नाते जुळू शकते, पण ते जुळलेच असेल असे धरून सही मागणे बरोबर नाही. सही केली नाही तर बेइमान ठरू, ही भीती मुलांच्या मनात आधीच असणार, आणि म्हणूनच अशा पत्रावरच्या वीस सह्या क्लबच्या समितीला फारसे काही सांगत नाहीत.

मुलाने गटावरच्या पत्रावर सही करू नये आणि त्याविरुद्ध गटावर काही लिहूही नये. स्वतःच्या नावाने, अर्ध्या पानात, त्याने जे पाहिले तेवढेच लिहावे. या प्रशिक्षकांनी त्याला काय शिकवले, दुखापतीच्या वेळी ते कसे वागले, संघात घेताना आणि वगळताना कारण सांगत होते की नाही, हे तारखा-प्रसंगांसह लिहिले तरी पुरे. पत्रातले जे पटत नाही त्याचा उल्लेख करण्याची गरज नाही. त्या गोष्टी समितीने विचारल्या तर मात्र खरे उत्तर द्यावे. कागद क्लबच्या सचिवांच्या हातात द्यावा, आणि देण्यापूर्वी प्रशिक्षकांना भेटून, आपण असे पत्र देत आहोत आणि त्यात काय लिहिले आहे, हे त्यांना सांगावे.