‘अपिअर’ : घटना की अंदाज? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : मुलाखतीत मी ‘आय वॉज अपिअर्ड फॉर द एक्झाम’ म्हणालो. समोरच्यांनी लगेच दुरुस्त केलं, पण चूक नेमकी कशात आहे?
– एक विद्यार्थी, कसबा बावडा

उत्तर : ‘परीक्षेला बसलो होतो’ यातला ‘होतो’ तुम्ही ‘वॉज’ करून इंग्रजीत आणलात, तिथं घोटाळा झाला. ‘अपिअर’ अकर्मक आहे. त्याला कर्मच नसल्यामुळं त्याचा कर्मणी प्रयोग होत नाही, म्हणून ‘वॉज अपिअर्ड’ चुकीचं. ‘आय अपिअर्ड फॉर द एक्झाम’ म्हणा. निकाल यायचा असेल तर ‘आय हॅव अपिअर्ड’.

आणखी एक गोष्ट. परीक्षेसाठी ‘अपिअर फॉर’ ही आपल्या देशातली रूढी आहे. इथल्या फॉर्मवर ‘अपिअर्ड’ किंवा ‘अपिअरिंग’ छापलेलं असतं, तिथं खुशाल खूण करा. परदेशी विद्यापीठाला लिहिताना मात्र ‘आय टुक द एक्झाम’ लिहा. ब्रिटनसाठी ‘आय सॅट द एक्झाम’ही चालेल. ‘गेव्ह द एक्झाम’ टाळा. तिकडं परीक्षा ‘देणारा’ म्हणजे ती घेणारा शिक्षक.

प्रश्न : मी फाउंड्रीच्या तपासणी विभागात आहे. रिपोर्टमध्ये कुणी ‘क्रॅक अपिअर्स’ लिहितं, कुणी ‘अपिअर्ड’, कुणी ‘इज अपिअरिंग’. गिऱ्हाईक उलट प्रश्न विचारतं. काय लिहावं?
– शिरोली एमआयडीसी

उत्तर : या शब्दाची सगळी मेख तुमच्या प्रश्नात आहे. ‘अपिअर’ दोन कामं करतो. एक, घटना सांगतो : नव्हतं ते दिसायला लागलं. दुसरं, अंदाज सांगतो : तसं दिसतंय, पण खात्री नाही. लिहायच्या आधी यातलं कोणतं सांगायचंय ते ठरवा. पुढचं व्याकरण त्यावरच चालतं.

‘अ क्रॅक अपिअर्ड निअर द फ्लँज आफ्टर मशिनिंग’ ही घटना. मशिनिंगनंतर फ्लँजजवळ तडा दिसला, शंका नाही. ‘देअर अपिअर्स टु बी अ क्रॅक’ हा अंदाज. हे वाचून गिऱ्हाईक विचारणारच, डाय पेनिट्रंट टेस्ट (रंग लावून तडा शोधायची चाचणी) केली का? तडा पक्का असताना सवयीनं ‘अपिअर्स’ लिहिलंत, तर स्वतःच्याच तपासणीवर तुम्ही शंका घेता. आणि तडे दोन असतील तर ‘देअर अपिअर टु बी टू क्रॅक्स’. इथं क्रियापद पुढच्या नामाचं वचन घेतं.

‘आयएनजी’ घटनेला चालतो : ‘क्रॅक्स आर अपिअरिंग इन एव्हरी बॅच’. अंदाजाला चालत नाही. ‘द सरफेस इज अपिअरिंग रफ’ ही आपल्या ‘खडबडीत दिसतोय’ची सावली. बरोबर रूप ‘द सरफेस अपिअर्स रफ’. इथं ‘रफली’ही नको, कारण अंदाजापुढं विशेषण येतं. क्रियाविशेषण घटनेसोबत जातं : ‘द क्रॅक अपिअर्ड सडनली’.

कोअर (आतली पोकळी राखण्यासाठी साच्यात बसवलेला गाभा) सरकल्याच्या रिपोर्टमध्ये तर काळ हमखास चुकतो. तुमच्या हातात तयार कास्टिंग, म्हणजे ओतून बनवलेला भाग आहे, एका बाजूची भिंत जाड, दुसरी पातळ. खूण आज दिसते, पण कोअर सरकला तो ओतकामाच्या वेळी. म्हणून ‘द कोअर अपिअर्स टु हॅव शिफ्टेड’. ‘अपिअर्ड टु शिफ्ट’ लिहिलंत तर कोअर सरकताना कुणीतरी पाहिला असा अर्थ निघतो. बंद साच्यात ते दिसणार कसं?

प्रश्न : ‘सीम’ आणि ‘अपिअर’ यात फरक काय? पुराच्या बातमीत कोणता वापरावा?
– पत्रकारितेची विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : ‘सीम’ मनाला वाटण्याकडं झुकतो आणि बोलण्यात जास्त येतो. ‘अपिअर’ डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांवर टेकतो आणि लेखी, औपचारिक मजकुरात शोभतो. ‘सीम्स लाइक’ रुळलेलं आहे. ‘अपिअर्स लाइक’ टाळून ‘अपिअर्स टु बी’ किंवा ‘इट अपिअर्स दॅट’ लिहा.

पंचगंगेच्या बातमीत ‘द वॉटर अपिअर्स टु बी रिसीडिंग’ चालेल. (इथं ‘आयएनजी’ ओसरण्याला लागलाय, ‘अपिअर’ला नाही.) मात्र राजाराम बंधाऱ्यावरचा आकडा हाती असेल तर दोन्ही शब्द बाजूला ठेवा. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. पाणी ४१ फुटांवर असेल तर ‘द लेव्हल इज ४१ फीट’. मोजलेल्या गोष्टीला ‘अपिअर’ लावला की वाचणारा विनाकारण घाबरतो, नाहीतर गाफील राहतो.

प्रश्न : कोर्टाच्या कामात ‘अपिअर’पुढं कोणतं शब्दयोगी अव्यय लावायचं?
– कायद्याचा विद्यार्थी

उत्तर : पक्षकारासाठी ‘फॉर’, न्यायाधीशांसमोर ‘बिफोर’, नुसतं कोर्टात हजर राहायला ‘इन कोर्ट’. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू आहे, त्याचंच उदाहरण घ्या : ‘शी अपिअर्ड फॉर द पिटिशनर बिफोर द कोल्हापूर बेंच’. ‘अपिअर्ड द कोर्ट’ असं अव्यय गाळून लिहू नका.

प्रश्न : साहेबांना ‘अपॅरंटली द बिल इज पेड’ असा मेल केला, तर ‘खात्री करून सांगा’ असं उत्तर आलं. असं का?
– लक्ष्मीपुरी

उत्तर : ‘अपॅरंटली’ म्हणजे ‘उघडच’ असं तुम्ही धरलंत. आजच्या वापरात त्याचा अर्थ ‘कळतंय त्यावरून’, ‘म्हणे’ असा होतो. गोंधळ होणं साहजिक आहे, कारण ‘अपॅरंट’ या विशेषणाचा ‘स्पष्ट’ असाही अर्थ होतो. तुम्ही ऐकीव माहिती कळवलीत, असं साहेबांनी वाचलं. पावती समोर असेल तर तो शब्द काढा आणि ‘द बिल हॅज बीन पेड’ लिहून पावती जोडा.