वाचक विचारतात : आमच्या गढीचा इतिहास कुठं शोधायचा?

गढ्यांबद्दल पत्रं मागवली होती आणि मराठवाड्याच्या जवळपास सगळ्या जिल्ह्यांतून आली. सगळी छापणं शक्य नाही, पण ज्या प्रश्नांत बाकीच्यांचेही प्रश्न येऊन जातात ते इथं घेतलेत.

प्रश्न : आमचं घराणं कंधार तालुक्यातलं, देशमुखी वतनाचं. गावात गढी आहे, चार बुरूज होते त्यातले दोन उभे आहेत आणि आतला वाडा निम्मा पडलाय. आजोबा सांगायचे की गढी शिवाजी महाराजांच्याही आधीची, सात मजली होती आणि आतून कंधारच्या किल्ल्यापर्यंत भुयार आहे. आता पोरं विचारायलेत की यातलं खरं किती. एक पेटीभर कागदं आहेत पण वाचता कुणालाच येत नाहीत. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : दादा, सुरुवात पेटीपासून करा, बुरुजाचं नंतर बघू. कागदं उन्हात वाळायला टाकू नका, फाटलेल्याला सेलोटेप लावू नका आणि लॅमिनेशन तर अजिबातच नको, तो कागद मग कायमचा गेला म्हणून समजा. सावलीत स्वच्छ कापड अंथरून एकेक कागद ठेवा, मोबाईलवर पुढून आणि मागून दोन्हीकडून फोटो काढा, शिक्के आणि पाठीवरचे शेरे सोडू नका कारण तारीख बऱ्याचदा तिथंच असते. गावपातळीचे कागद बहुतेक मोडीत निघतील, वरून आलेल्या सनदा आणि हुकूम फारसीत, आणि 1884 च्या सुमारास निजामाच्या दफ्तरात फारसीच्या जागी उर्दू आली म्हणून त्यानंतरचे उर्दूत, म्हणजे एक अक्षर वाचता आलं नाही तरी नुसती लिपी बघून कागदांचे ढीग लावता येतात. मोडीचे वर्ग पुराभिलेख विभाग घेतो, घरातल्या एखाद्या पोराला किंवा पोरीला पाठवा. उर्दूसाठी तालुक्यातल्या एखाद्या रिटायर झालेल्या उर्दू शिक्षकाला भेटा, अशी माणसं आनंदानं वाचून देतात.

तारखांचं नीट लक्षात घ्या, सगळा घोळ इथंच होतो. फसली सन, म्हणजे महसुली कागदांतला सन, असेल तर त्यात 590 मिळवा, 1270 फसली म्हणजे 1860-61. शुहूर सन, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांतला सन, असेल तर 599 मिळवा, 1170 शुहूर म्हणजे 1769-70. हिजरी असेल तर अशी सरळ बेरीज चालत नाही, ते वर्ष चांद्र आहे, आपल्या वर्षापेक्षा साधारण 11 दिवसांनी लहान, तिथं जंत्रीच, म्हणजे जुन्या सनांचं तारखांशी मेळ घालणारं कोष्टकच बघावं लागतं. नुसता आकडा बघून कुणी आपलं घराणं शे-दीडशे वर्षं मागं नेत असेल तर आधी कोणता सन आहे ते विचारा.

आता गढीचं वय. खाली घडीव दगड, वर भाजक्या विटा किंवा नुसती पांढरी माती, अशी आपल्याकडच्या बहुतेक गढ्यांची रचना. बुरुजात बंदुकीसाठी तिरक्या जंग्या ठेवलेल्या असतील तर तो भाग बंदुका सर्रास झाल्यानंतरचा. पाया जुना आणि बुरूज नंतरचा असंही असतं, एकाच गढीत तीन पिढ्यांचं बांधकाम सापडतं, म्हणून प्रत्येक भिंतीचा वेगळा फोटो काढून ठेवा, दगड कुठं बदलतो, विटेची जाडी कुठं बदलते ते बघा. आणि एक, खूप गढ्या जुन्या वस्तीच्या पांढरीवरच बांधल्यात, त्यामुळं पावसानं माती धुपली की खाली कितीतरी आधीची खापरं, मणी, नाणी निघतात. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला अशी जुनी वस्ती किती खोल गेलीय ते तिथल्या लामतुरे संग्रहालयात जाऊन बघण्यासारखंय. पण खापर सातवाहनांच्या काळातलं निघालं म्हणून तुमची गढी त्या काळातली होत नाही, माती जुनी आणि भिंत नवी असा तो प्रकार.

सात मजल्यांचं म्हणाल तर गावाखालच्या ओढ्यातून वर बघितलं की टेकाड, तट, बुरूज आणि वाड्याची माडी मिळून तेवढी उंची दिसत असेलही, पण मातीच्या भिंतीवर सात मजले चढत नाहीत. भुयाराचंही तसंच. कंधारचा किल्ला मोठा, तिथला जगत्तुंग समुद्र तलाव राष्ट्रकूटांच्या काळातला मानतात, एवढ्या जुन्या ठाण्याशी आपलं नातं असावं असं प्रत्येक गावाला वाटतं आणि ते वाटणं मला अगदी समजतं. पण कित्येक कोस जमिनीखालून वाट खोदायची म्हणजे खडक आला, पाणी आलं, हवेचा प्रश्न आला. भुयार म्हणून दाखवतात ते बहुतेक ठिकाणी तळघर असतं, आडाकडं जायची चोरवाट असते, नाहीतर धान्याचं पेव असतं. पेवाचं मात्र मनावर घ्या. बंद पेवात जड हवा साठते, उतरलेला माणूस गुदमरून जातो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. तोंड उघडून बरेच दिवस ठेवायचं, दिवा सोडून बघायचा, दिवा विझला तर उतरायचं नाही, आणि दिवा जळत राहिला तरी जाणत्या माणसाशिवाय आणि कमरेला दोर बांधल्याशिवाय उतरायचं नाही. पोरांना तर जवळपासही फिरकू देऊ नका.

आणि तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो, कारण माझ्या मते खरा इतिहास इथं आहे. अठराव्या शतकात आपल्या भागात निजामाचा अंमल आणि त्यावर मराठ्यांची चौथाई-सरदेशमुखी, म्हणजे एकाच गावच्या वसुलावर दोघांचा दावा, मधल्या मध्ये देशमुख. उदगीरची लढाई 1760 ची, खर्ड्याची 1795 ची, फौजा आपल्याच शेतांतून गेल्या. त्यात पेंढारी. धान्य, जनावरं, दफ्तर आणि गावची बायापोरं रात्रीत आत घेता यावीत म्हणून तो तट आणि तो दरवाजा. गढीवाले नेहमी सरकारच्याच बाजूचे असायचे असंही नाही, 1819 मध्ये नौसाजी नाईक हटकरांच्या नोव्ह्याच्या किल्ल्याला हैदराबादच्या फौजेला वेढा घालावा लागला होता. मग 1853 ला सालारजंग निजामाचे दिवाण झाले, त्यांनी वसूल मक्त्यानं द्यायची पद्धत मोडली, 1865 ची जिल्हाबंदी, म्हणजे जिल्ह्यांची नवी आखणी आली, पगारी तहसीलदार आले आणि देशमुख-देशपांड्यांना कामाच्या बदल्यात रुसूम म्हणून रोख रक्कम सुरू झाली. तुमच्या पेटीत रुसुमाच्या पावत्या असतील तर त्या फार मोलाच्या आहेत. सगळे म्हणतात गढ्या 1948 च्या पोलीस ॲक्शननंतर संपल्या, मला वाटतं गढीचं काम त्याच्या ऐंशी वर्षं आधीच संपलं होतं, नंतर उरला तो थाट. 1949 ला जहागिरी गेल्या, 1950 ला कूळकायदा आला आणि मग थाट चालवायला पैसाही राहिला नाही.

प्रश्न : मी औसा तालुक्यातला. आमच्या गढीची माती भाऊबंद ट्रॅक्टरनं विकायलेत. म्हणतात भूकंपात लोक दगडमातीच्या घरांतच मेले, आता ही पडकी ठेवून काय करायचं. त्यांना काय सांगू?

उत्तर : भाऊ, 30 सप्टेंबर 1993 ची पहाट तुमच्या भागात कुणी विसरू शकत नाही, त्यामुळं भावकीच्या भीतीला हसू नका. किल्लारी परिसरात माणसं गेली ती मातीत बसवलेल्या गोट्यांच्या जाड भिंती आणि वर दर उन्हाळ्यात माती टाकून टाकून जड झालेलं माळवद, या दोन्हींखाली. पण त्याच गावांत चांगल्या लाकडी खणांची काही घरं अशी होती की भिंती बाहेर पडल्या आणि खांब-तुळया जाग्यावर राहिल्या. म्हणजे सांगाडा धड असेल आणि छतावरचं ओझं उतरवलं तर वाडा वाचवता येतो, फक्त इंजिनिअरला दाखवल्याशिवाय आत कुणी झोपू नये.

मातीचं म्हणाल तर पूर्वीही गाव गढीची पांढरी माती माळवदावर टाकायला न्यायचं, पाटीनं, आणि पडलेल्या भागातली. आता जेसीबी बुरुजाच्या बुडातूनच घास घेतो, वरचा भाग लोंबकळत राहतो आणि पहिल्या मोठ्या पावसात खाली येतो, बाजूला कुणाचं घर असेल तर विचारायलाच नको. परवानगीशिवाय माती उचलणं हा गौण खनिजाच्या नियमांचाही भंग आहे, तहसीलला लेखी अर्ज द्या. भावकीशी वाकडं नको असेल तर आधी एकत्र बसा आणि बुरूज व दरवाजा एवढं तरी सामाईक ठेवायचं असं कागदावर घ्या, मोकळ्या जागेची वाटणी करा हवी तर. वेरूळला भोसल्यांच्या गढीचे अवशेष आज लोक मुद्दाम जाऊन बघतात, तिथंही कुणी माती नेऊन संपवली असती तर दाखवायला काय राहिलं असतं? महत्त्वाची गढी असेल तर 1960 च्या राज्य कायद्याखाली संरक्षणासाठी पुरातत्त्व विभागाकडं प्रस्ताव देता येतो. वेळ लागतो, तरी द्या.

प्रश्न : माझं सासर परभणी जिल्ह्यातल्या गढीवरचं. आजेसासूबाई नव्वदीच्या पुढं आहेत, त्यांच्याकडून माहिती लिहून घ्यावी वाटते पण "मला काय माहीत बाई, बाप्यांना विचार" एवढंच म्हणतात.

उत्तर : ताई, त्यांना इतिहास विचारू नका, काम विचारा. पहाटे दिंडी दरवाजा कोण उघडायचं, अडसर किती जणांना लागायचा, ढाळजंत, म्हणजे दरवाज्यालगतच्या बैठकीत कोण बसायचं आणि बायकांनी तिथून जायचं झालं तर काय करायचं, आडाचं पाणी कोण शेंदायचं, बळदातली, म्हणजे भिंतीतल्या कोठारातली ज्वारी खालच्या तोंडातून काढताना कोण हात घालायचं, बाळंतिणीची खोली कोणती, साण्यातून, म्हणजे छतातल्या झरोक्यातून ऊन कुठं पडलं की स्वयंपाकाला लागायचं. असं विचारलं की त्या थांबायच्या नाहीत बघा. जमलं तर त्यांना खुर्चीवर बसवून वाड्यातून फिरवा, जागा दिसली की आठवण येते. मोबाईलवर रेकॉर्ड करा, आणि त्यांनी सांगितलेल्या जागा एका साध्या नकाशावर मांडा, कारण पुरुष मंडळी बुरूज आणि तलवारी सांगतात, घर कसं चालायचं ते बायकांनाच माहीत असतं. हे काम पुढच्या दिवाळीवर टाकू नका.

प्रश्न : आमच्या गावच्या गढीवाल्यांनी घराण्याचा इतिहास छापायला घेतलाय. माझे पणजोबा त्या गढीला दगड वाहायचे, चुलत पणजोबा येसकर होते, रात्रभर दरवाज्यावर. त्यांचं नाव त्यात येईल का? आणि नाही आलं तर आम्ही कुठं शोधावं?

उत्तर : यायलाच पाहिजे, आणि नसेल येत तर तो इतिहास अर्धा आहे असं मी छापील सांगतो. वडारांनी दगड फोडला, पाथरवटांनी घडवला, कुंभारांनी विटा भाजल्या, सुतारांनी दरवाजा केला, येसकरानं तो राखला, आणि यातलं बरंच काम वेठीनं झालं, पोटावर किंवा तेही नाही. गढीवाल्या मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे, हे पान मोकळेपणानं लिहा, त्यानं घराण्याची इज्जत कमी होत नाही.

तुमच्या शोधासाठी 1954-55 ची खासरा पाहणी पत्रकं बघा, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज करून नक्कल मिळते. त्यात पट्टेदाराबरोबर जमीन प्रत्यक्ष कोण कसत होतं त्याचीही नोंद असते. संरक्षित कुळांच्या याद्या बघा, इनामी जमिनींचे फेरफार बघा, तुमच्या घराकडं सेवेची इनाम जमीन असेल तर माणसाचं नाव तिथं सापडण्याची शक्यता मोठी. आणि गढीवाल्यांच्या पेटीतल्या खर्चाच्या मोडी याद्या, त्यात मजुरी, धान्य, बैतं (वर्षाच्या कामाबद्दलचं धान्य) कुणाला दिलं ते नावानिशी लिहिलेलं असू शकतं. त्यांच्याकडं हक्कानं जा आणि त्या याद्या मागा. कंधारच्या दादांनाही हेच सांगणं आहे, पेटी वाचून झाली की गावातल्या बाकी घरांची नावं त्यांना कळवा.

प्रश्न : आमच्या गढीत गुप्तधन आहे असं एक बाबा सांगतोय, अमावास्येला खोदायचं म्हणतोय. (बीड जिल्हा)

उत्तर : त्याला दारातून परत पाठवा आणि परत आला तर थेट पोलिसांना कळवा. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार केले तर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. खरंच काही सापडलं तर 1878 च्या कायद्याप्रमाणं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, लपवलं तर शिक्षा. अशा खोदकामानं कितीतरी गढ्यांची देवघरं आणि तळघरं उद्ध्वस्त झालीत, हाती काही न लागता.

प्रश्न : बुरुजावर पिंपळ उगवलाय, उपटून सिमेंट भरू का?

उत्तर : उपटू नका, मुळं दगडांना घेऊनच बाहेर येतात. बुडापाशी कापा, फूट आली की परत कापा, खोड वाळू द्या. सिमेंट ओल आत कोंडून धरतं आणि शेजारचा जुना चुना भुसभुशीत होतो, म्हणून चुन्याचंच काम करा, चुन्याच्या घाण्यात मळलेला चुना, वाळू, विटेची भुकटी, त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी. असं काम येणारे गवंडी कमी राहिलेत पण अजून आहेत, जवळपास एखाद्या जुन्या देवळाचं किंवा किल्ल्याचं काम चालू असेल तर तिथं जाऊन विचारा, आणि काम पावसाळ्याआधी उरकून चुन्याला नीट पाणी मारा.