एअर-कूल्ड मोटारसायकलला वेगळा ऑइल कूलर बसवावा का?

लांबच्या चढणीवर आपली एअर-कूल्ड मोटारसायकल फार तापते, म्हणून तिला वेगळा ऑइल कूलर (इंजिनातले ऑइल वाऱ्याने थंड करणारी जाळी) बसवावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या गाडीला मी तो बसवला आणि त्याचा उपयोगही झाला. तरी पाना हाती घेण्याआधी ऑइलचे तापमान मोजावे, असेच मी सांगेन.

इंजिन पायाला किती चटका देते, यावरून आतल्या ऑइलची स्थिती कळत नाही. डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी पाहण्याच्या पट्टीच्या) जागी बसणारा तापमापक लावून नेहमीच्या वाटेवर पाऊण तास गाडी चालवावी. ऑइल साधारण ९० ते ११० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहत असेल, तर कूलरची गरज नाही. काटा दीर्घकाळ १३० च्या वर राहत असेल, तर ऑइल पातळ होऊन बेअरिंगवरचा त्याचा थर क्षीण होतो आणि ते लवकर खराबही होते. मात्र तेव्हाही कारण आधी शोधावे: ऑइलची पातळी, इग्निशनचे टायमिंग, टॅपेट (व्हॉल्व्हची फट), चिखलाने बुजलेले फिन्स (इंजिनावरच्या उष्णता सोडणाऱ्या पात्या), घसरणारा क्लच, अडकून राहणारा ब्रेक. माझ्या गाडीचा बराचसा ताप सायलेन्सर बदलूनही कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) तोच ठेवल्यामुळे, म्हणजे पेट्रोल कमी पडत असल्यामुळे होता.

कूलर कितीही चांगला असला, तरी ऑइल कोठून घेतले आणि कोठे परत सोडले, यावर सारे अवलंबून असते. काही किटमध्ये पंपाच्या दाबाखालील मार्गाला फाटा काढून कूलरमधून आलेले ऑइल थेट क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या कवचात) सोडतात. हे जोडायला सोपे असले, तरी इंजिन तापून आयडलवर (ॲक्सिलरेटर न देता) चालू असताना पंपाचा दाब मुळातच कमी असतो आणि त्यातला वाटा कूलरने घेतला, तर सिलिंडर हेडला पोहोचणारे ऑइल घटते. म्हणून फिल्टरच्या जागेवरून सगळे ऑइल कूलरमधून नेऊन पुन्हा त्याच मार्गात आणणारा अडॅप्टर (जोडतुकडा) मला अधिक विश्वासार्ह वाटतो. अट एवढीच, की होज (नळ्या) आणि बँजो बोल्टची (ज्यांतून ऑइल वाहते त्या पोकळ बोल्टची) छिद्रे अरुंद नसावीत. काम होण्यापूर्वी आणि नंतर, गरम इंजिनावर, ऑइलचा दाब मोजून पाहावा.

ऑइल गरजेपेक्षा थंड राहणेही वाईटच. ते पुरेसे तापले नाही, तर त्यात मिसळलेली पाण्याची वाफ आणि पेट्रोल उडून जात नाही आणि झाकणाखाली दुधट फेस दिसू लागतो. त्यामुळे ८० अंशांच्या आसपास उघडणारा थर्मोस्टॅट (ऑइल तापल्यावरच ते कूलरकडे सोडणारी झडप) असलेला अडॅप्टर घ्यावा. तो नसेल, तर थंडीत कूलरचा काही भाग झाकावा. दिसायला गबाळे असले, तरी चालते.

कूलर इंजिनासमोर, थेट वाऱ्यात, रबरी बुशवर बसवावा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि पुढचा फोर्क पूर्ण दाबून चाक किंवा मडगार्ड त्याला लागत नाही ना, हे पाहावे. होज दाब, उष्णता आणि ऑइल सहन करणारेच हवेत (पेट्रोलची नळी मुळीच नको), वॉशर नवे हवेत आणि कोणतीही नळी सायलेन्सरजवळून जाऊ नये. माझा एक होज फ्रेमला घासत होता. तिथे चिकटलेली धूळ दिसली म्हणून वेळेत कळले, नाहीतर ऑइल थेट मागच्या टायरवर गेले असते.

कूलर आणि नळ्या भरण्याइतके जास्तीचे ऑइल लागते. म्हणून दोन मिनिटे आयडलवर चालवून इंजिन बंद करावे आणि पातळी पुन्हा पाहून भर घालावी.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी: पंखा नसलेला कूलर वाऱ्यावर चालतो. आपली गाडी चढणीवर वेगात असताना तापत असेल, तर फरक पडेल. वाहतूक कोंडीत उभी असताना तापत असेल, तर फारसा पडणार नाही.