भाकरी सोडू की केळी?

प्रश्न : वय ४२, वजन ७८ किलो, शुगर नाही. भाचा म्हणतो, "मावशी, संशोधनाने सिद्ध झालंय, भाकरी-केळी बंद कर, तूप-पनीर खा." घरचा केळीचा मळा असून केळं सोडायचं?
– एक वाचक, यावल

उत्तर : ताई, भाच्याला विचारा, कोणतं संशोधन? माणसं किती, किती दिवस, आणि दुसऱ्या गटाने काय खाल्लं? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ६०९ जणांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एकाने तेल-तुपासारखे स्निग्ध पदार्थ कमी केले, दुसऱ्याने भाकरी-केळ्यात असतात ती कर्बोदकं. वर्षभरात सरासरी वजन उतरलं ५.३ आणि ६ किलो, म्हणजे जवळपास सारखंच. साखर-मैदा कमी, भाज्या भरपूर, हे मात्र दोघांनाही सांगितलं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर हे वाक्य नेमकं गळतं!

आता तुमचं ताट. मध्यम केळ्यात साधारण १०० कॅलरी. पोहे खायच्या मोठ्या चमचाभर तेलात त्याहून थोड्या जास्तच. शेवभाजीवर बोटभर तर्री तरंगते, त्यात शेव तळलेली. हिशेब तिथे मांडा. भरताचंही तेच. मी वांगी भाजून हिरवी मिरची-लसणाबरोबर लाकडी बडगीत ठेचते आणि फोडणीचं तेल चमच्याने मोजते. सासूबाई नाक मुरडतात, मुरडू देत.

कळण्याची भाकरी ठेवा, ज्वारीत उडीद असल्याने प्रथिनंही मिळतात. फक्त दोनाच्या जागी दीड. केळं चारच्या चहासोबतच्या फरसाणाऐवजी खा. वेफर्स मात्र केळ्यात धरू नका.