जुन्या श्रीलिपी-कृतीदेव फाइलींमधला मजकूर व्हॉट्सॲप-फेसबुकवर वाचता येईल असा कसा करावा?

तुमचा प्रश्न मला असा समजला: मंडळाच्या १९९८ ते २००९ च्या स्मरणिका जुन्या संगणकावर आहेत, थोड्या वर्डमध्ये आणि बऱ्याचशा पेजमेकर या पानांची मांडणी करण्याच्या जुन्या प्रोग्राममध्ये, श्रीलिपी, कृतीदेव अशा जुन्या मराठी फॉन्टांत टाइप केलेल्या. मजकूर कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा ढीग दिसतो. फॉन्ट बदलून 'मंगल' केला तरी तेच. म्हणून सध्या पानांचे फोटो काढून गटावर पाठवता आहात.

फोटोंचा मार्ग सोडा, हे आधी सांगतो. फोटोतला लेख शोधून सापडत नाही, कुणाला त्यातला परिच्छेद उचलता येत नाही, आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्या फोनमधला टॉकबॅक तो वाचून दाखवू शकत नाही. मजकूर अक्षरांच्या रूपातच हवा. काम किचकट आहे, पण दोन-तीन जणांनी वाटून घेतले तर नक्की होते.

फॉन्ट बदलून का जमत नाही, ते आधी समजून घ्या. पुढच्या सगळ्या चुका तिथूनच निघतात. कृतीदेव ०१० मध्ये 'मराठी' लिहिलेले असते तेव्हा फाइलीत साठवलेली अक्षरे असतात ई, जे, के, मोठा बी आणि एच. कृतीदेव हा फॉन्ट 'ई'च्या जागी 'म'चे चित्र काढतो, 'जे'च्या जागी 'र'चे, 'के'च्या जागी कान्याचे. म्हणजे देवनागरी फक्त फॉन्टमध्ये आहे, फाइलीत नाही. फॉन्ट काढला की खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. व्हॉट्सॲपकडे तो फॉन्ट नसतोच.

यात तेव्हाच्या डीटीपीवाल्यांची, म्हणजे संगणकावर छपाईची पाने जुळवणाऱ्यांची, चूक नव्हती. भारतीय लिप्या संगणकात साठवण्याचे इस्की हे भारतीय मानक १९९१ चे, आणि प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ ची. पण विंडोज ९५ आणि ९८ ला देवनागरीची जोडाक्षरे स्वतःहून जुळवता येत नव्हती. ती सोय 'मंगल' फॉन्टसह विंडोज २००० मध्ये आली. एक्सपीतसुद्धा रीजनल सेटिंगमध्ये जाऊन ती चालू करावी लागे आणि त्यासाठी एक्सपीची सीडी हाताशी लागे. पेजमेकर तर ७.० या शेवटच्या आवृत्तीपर्यंत युनिकोडला शिवलाच नाही. छापखान्याचे काम अडू नये म्हणून लोक जुन्या फॉन्टांवर राहिले, ते बरोबरच होते.

आता कामाला लागू. सर्वांत आधी जुन्या संगणकाच्या फॉन्ट्स फोल्डरमधून सगळ्या मराठी फॉन्टांच्या फाइली पेनड्राइव्हवर घ्या. तो संगणक बंद पडला आणि फॉन्ट गेले, तर पुढचे सगळे दुप्पट अवघड होईल. टाइप करण्यासाठी श्रीलिपीला डोंगल (संगणकाला जोडायची परवान्याची किल्ली) लागत असे, पण नुसते वाचायला साधारणपणे फॉन्टची फाइल पुरते. मूळ स्मरणिकांचीही एक प्रत वेगळी ठेवा आणि तिला अजिबात हात लावू नका.

मग प्रत्येक फाइलीत नेमका कोणता फॉन्ट आहे ते टिपा. मजकुरावर कर्सर ठेवला की नाव दिसते: श्री-देव-०७१४, कृतीदेव ०१०, डीव्हीबी-टीटीसुरेख, आकृतीचे फॉन्ट वगैरे. हे महत्त्वाचे आहे, कारण कोणत्या इंग्रजी अक्षराच्या जागी कोणते मराठी अक्षर, हा तक्ता प्रत्येक घराण्याचा वेगळा आहे. कृतीदेवचा कन्व्हर्टर (जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे साधन) श्रीलिपीच्या मजकुरावर चालवला तर देवनागरीच दिसेल, पण अर्थहीन. मथळे एका फॉन्टमध्ये आणि मजकूर दुसऱ्यात, असेही पुष्कळदा असते. मथळे वेगळे काढा.

पेजमेकरमधून मजकूर काढायचा तर टेक्स्ट टूल घेऊन लेखात क्लिक करा आणि कंट्रोल-ए दाबा. एका लेखाची पूर्ण साखळी निवडली जाते, मग तो चार पानांवर पसरलेला असला तरी. चौकटींतला मजकूर मात्र वेगळा असतो, तो एकेक करून घ्यावा लागतो. पेजमेकर चालतच नसेल तर लिब्रेऑफिस ड्रॉ (४.४ किंवा नंतरची आवृत्ती) त्याच्या फाइली उघडतो. मांडणी विस्कटते, पण आपल्याला अक्षरेच हवी आहेत.

इथे एक सापळा आहे. संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो; साधी इंग्रजी अक्षरे १२८ च्या आत संपतात, पण जुने फॉन्ट १२८ च्या पुढच्या जागाही वापरतात. संगणकाच्या रीजन सेटिंगमध्ये युनिकोड नसलेल्या प्रोग्रामांची भाषा इंग्रजी ठेवा, नाहीतर कॉपी करताना त्या जागांवरची अक्षरे बदलतात किंवा त्यांची प्रश्नचिन्हे होतात. प्रश्नचिन्ह झालेले अक्षर परत येत नाही. पहिल्या लेखाचा मजकूर मूळ पानाशेजारी ठेवून तपासा, मगच बाकीचे काढा. वर्डमध्ये पेस्ट करणार असाल तर ऑटोकरेक्ट पूर्ण बंद करा. वाक्याचे पहिले अक्षर कॅपिटल करणे, सरळ अवतरणचिन्ह वळवणे हे सगळे वर्ड आपणहून करतो, आणि या फॉन्टांत लहान आणि मोठे इंग्रजी अक्षर म्हणजे दोन वेगळी मराठी अक्षरे असतात.

दुसरा सापळा इंग्रजी शब्दांचा. लेखात मधेच टाइम्स न्यू रोमनमध्ये एखाद्या संस्थेचे नाव किंवा ईमेल पत्ता असेल, तर कन्व्हर्टर त्याचीही देवनागरी करून टाकतो, कारण साध्या मजकुरात फॉन्टची माहिती उरत नाही. त्यावर उपाय वर्डमध्येच आहे. कंट्रोल-एच दाबा, शोधायची चौकट रिकामी ठेवून 'मोअर', 'फॉरमॅट', 'फॉन्ट' या वाटेने टाइम्स न्यू रोमन निवडा, आणि बदलायच्या चौकटीत ॥^&॥ लिहा. सगळे इंग्रजी तुकडे दोन दंडांमध्ये बंद होतात. रूपांतरानंतर हे दंड शोधा आणि आतला कचरा पुसून मूळ शब्द टाका. अशा खुणेसाठी कंस किंवा तारा वापरू नका. जुन्या फॉन्टांत त्या चिन्हांवरही मराठी अक्षरे बसवलेली असतात.

कन्व्हर्टर कोणता? कृतीदेवसाठी ब्राउझरमध्ये चालणारे फुकट कन्व्हर्टर भरपूर आहेत. श्रीलिपीच्या नव्या आवृत्त्यांमध्ये रूपांतराची सोय आहे, तेव्हा गावात जो डीटीपीवाला ती वापरतो त्याला गाठणे सर्वांत सोपे. कोणताही निवडा, पण आधी एका पानावर चाचणी घ्या. चाचणीसाठी असा परिच्छेद घ्या ज्यात 'स्थिती', 'कर्म', 'दुसऱ्या', 'ज्ञान', 'उत्तर', 'श्रद्धा', 'ॲ' ही सगळी मंडळी आहेत. साधी वाक्ये कुठलाही कन्व्हर्टर बरोबर करतो.

'स्थिती' आणि 'कर्म' का, तर जुन्या फॉन्टांत अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. 'कि'मध्ये वेलांटी आधी, 'क' नंतर. 'कर्म'मध्ये क, म आणि शेवटी रफार. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो: आधी क, मग वेलांटी, आधी र्, मग म. म्हणजे कन्व्हर्टरला प्रत्येक वेलांटी उचलून पूर्ण जोडाक्षराच्या पलीकडे न्यावी लागते. जोडाक्षर कुठे संपते हे त्याला कळले नाही तर वेलांटी अर्ध्या 'स'पाशीच अडकते आणि टिंबांचे वर्तुळ दिसते.

आणि आता 'ऱ्य'. मराठीच्या बाबतीत सर्वांत जास्त घोळ इथे होतो, कारण बरेचसे कन्व्हर्टर हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहेत. ते 'दुसऱ्या'चे 'दुसर्या' करतात, 'शेतकऱ्यांना'चे 'शेतकर्यांना'. मग वाटते की सगळे 'र्य' एकदम बदलून 'ऱ्य' करावेत. तसे मुळीच करू नका. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला फरक स्मरणिकेत चुकला तर व्याख्यानमालेच्या पाहुण्यांची रवानगी स्वयंपाकघरात होईल. सूर्य, कार्य, धैर्य, आश्चर्य असे शब्द तर पानोपानी असतात. 'र्य' एकेक शोधत जा आणि प्रत्येक ठिकाणी निर्णय घ्या. एका स्मरणिकेसाठी हे तासाभराचे नाही, एखाद्या संध्याकाळचे काम समजा. 'र्ह'चेही तसेच: 'तऱ्हा', 'कऱ्हाड' यांच्याकडे लक्ष ठेवा. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कळफलकावर 'ऱ' शिफ्ट-जेवर आहे, त्यानंतर डीवर हलन्त आणि मग 'य'.

डोळ्यांना न दिसणाऱ्या चुकाही असतात, आणि शोध नेमका त्यांच्यामुळे अडतो. 'आ' हे अक्षर काही कन्व्हर्टर 'अ' अधिक काना असे दोन तुकड्यांत देतात, 'ओ' हे 'अ' अधिक ओकार असे. दिसायला सारखेच, पण 'आई' शोधले तर सापडत नाही. 'ॲ'चेही तसेच. स्वतंत्र 'ॲ' युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आला. त्याआधीच्या साधनांनी केलेल्या मजकुरात तो 'अ' अधिक चंद्र असतो, नाहीतर हिंदीचा 'ऍ' तरी असतो. हे मात्र बेधडक एकदम बदलून टाका, इथे दुसरा अर्थ निघत नाही. अनुस्वार आणि मात्रेचा क्रमही तपासा. जुन्या काळी टाइप करणाऱ्याने आधी अनुस्वार आणि मग मात्रा दाबली तरी कागदावर फरक दिसत नसे. उकार चुकून दोनदा दाबला तरी एकावर एक बसून एकच दिसे. युनिकोडमध्ये दोन्ही उघडे पडतात. विसर्गाच्या जागी कोलन असतो, तोही बदला: 'प्रातःकाळ', 'स्वतः', 'दुःख'.

रूपांतर झालेली फाइल साठवताना नोटपॅडमध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा. तिथे 'एएनएसआय' राहिले तर साठवताच सगळी देवनागरी प्रश्नचिन्हांत जाते.

ज्या स्मरणिकांच्या फाइलीच नाहीत, किंवा कोरलड्रॉमध्ये मजकूर 'कर्व्हज' करून टाकला आहे, तिथे अक्षरे उरलेलीच नाहीत, फक्त आकार उरले आहेत. मग ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरे संगणकाकडून ओळखून घेणे. छापील पान ३०० डीपीआयला, सरळ ठेवून स्कॅन करा. दोन रकाने असतील तर कापून दोन प्रतिमा करा, नाहीतर डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीला चिकटते. गूगल ड्राइव्हवर चढवून 'ओपन विथ गूगल डॉक्स' केले की खाली मजकूर येतो. ऑफलाइन हवे असेल तर टेसरॅक्ट हा ओसीआरचा प्रोग्राम, त्यात मराठीचा संच वेगळा घालावा लागतो. घ-ध, भ-म, थ-य, ब-व यांची अदलाबदल आणि गळलेले अनुस्वार या नेहमीच्या चुका. कोरलच्या फाइली उघडत असतील तर कागद स्कॅन करण्याऐवजी त्यांचीच ३०० डीपीआयची प्रतिमा काढा. ती स्वच्छ असते आणि चुका बऱ्याच कमी होतात. श्रीलिपीचा योग्य तक्ता मिळालाच नाही तर त्या फाइलींनाही हाच उपाय लागू पडतो.

गटावर टाकण्याआधी एक गोष्ट नक्की करा. जुन्या स्मरणिकांमध्ये सभासदांचे पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक छापलेले असतात. कागदावर दोनशे घरांत जाणे वेगळे आणि फेसबुकवर उघडे पडणे वेगळे. ती पाने वगळा. लेखक किंवा त्यांचे वारस गाठता येत असतील तर त्यांची परवानगी घ्या.

पूर्ण लेख व्हॉट्सॲपमध्ये ओतू नका. गूगल डॉक्समध्ये सगळ्यांना वाचता येईल अशी प्रत ठेवा आणि गटावर पहिला परिच्छेद व दुवा द्या. नंतर सापडलेली चूक तिथे दुरुस्त करता येते. पुढे पुढे ढकलल्या गेलेल्या संदेशातली येत नाही. फेसबुकवर मात्र पूर्ण मजकूर चालेल. सूचना एसएमएसने पाठवत असाल तर देवनागरीत एका संदेशात ७०च अक्षरे मावतात, इंग्रजीत १६०. काना-मात्रा-हलन्त वेगवेगळे मोजले जातात, त्यामुळे 'क्षि' म्हणजे चार.

'ल' आणि 'श' फोनवर हिंदी वळणाचे दिसतात अशी तक्रार तुमच्या गटातले जुने मुद्रितशोधक करतील. तक्रार रास्त आहे, पण तो दोष मजकुरात नाही, समोरच्याच्या फोनमधल्या फॉन्टमध्ये आहे. छापण्यासाठी राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा हा फॉन्ट वापरता येईल.

राहिला प्रश्न पुढच्या स्मरणिकेचा. तुमचा टाइप करणारा माणूस वीस वर्षे टाइपरायटरच्या कळफलकावर बसला असेल, तर त्याला इनस्क्रिप्ट शिकायला लावू नका. त्याचा वेग जाईल आणि महिन्याभरात तो पुन्हा कृतीदेव उघडेल. टाइपरायटरच्या मांडणीने युनिकोड उमटवणारी इनपुट साधने मिळतात, ती बसवून द्या. बोटे तीच राहतील, फाइलीत मात्र खरी मराठी जाईल. नवशिक्यांसाठी विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कळफलक आहे. भाषा सेटिंगमधून मराठी घाला आणि विंडोज-स्पेसने बदलत राहा. पानांची मांडणी इनडिझाइन या प्रोग्राममध्ये करणार असाल तर परिच्छेदासाठी 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' निवडा, त्याशिवाय जोडाक्षरे सुटी पडतात.