केळीचे पैसे आणि स्वालबार्डचा उन्हाळा

प्रश्न : यावल तालुक्यात माझी केळीची बाग आहे. मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय वनस्पतिशास्त्र. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर उन्हाळ्यात आर्क्टिक परिसंस्थेचा फील्ड कोर्स असतो, तिला तिथे जायचंय. नातेवाईक म्हणतात, बर्फात जाऊन नोकरी लागते का? यंदाचे केळीचे पैसे यात घालावेत का?

उत्तर : भाऊसाहेब, काही आठवड्यांच्या कोर्सने नोकरी लागत नाही, एवढं नातेवाइकांचं खरं. बर्फाचं मात्र मनातून काढा. जुलैत तिथल्या लाँगइयरबियेन गावात सरासरी ६-७ अंश तापमान असतं आणि सूर्य मावळतच नाही. जमिनीचा वरचा थर तेवढा वितळतो, खालची माती बारमाही गोठलेली. त्यात वारा. म्हणून तिथली ध्रुवीय विलो जेमतेम बोटभर वाढते. मुलं ओल्या मातीत गुडघे टेकून चौकट ठेवतात, आत काय काय उगवलंय ते मोजतात, पेन्सिलीने टिपून घेतात आणि चौकट पुढे सरकवतात. दिवसभर हेच. पांढऱ्या अस्वलांमुळे गावाबाहेर बंदूकधारी सोबत लागतो, सुरुवातीलाच सुरक्षेचं प्रशिक्षण होतं. त्यामुळे आईने त्याची धास्ती घेऊ नये.

मला काळजी आहे ती या मोजणीची. मुलीला ती आवडते की फोटोतलं स्वालबार्ड आवडतं? हे जळगाव जिल्ह्यातच कळेल. हिवाळ्यात हतनूर जलाशयावर प्राध्यापकांसोबत पक्षिगणना करू दे. तिथल्या चिखलात चोच खुपसत फिरणारा छोटा टिलवा उत्तरेकडच्या टुंड्रात, म्हणजे अशाच गोठलेल्या, झाडं नसलेल्या प्रदेशात, अंडी घालून आलेला असतो. पहाटे उठून थंडीत चार रविवार मोजून कंटाळली नाही, तर पुढचं बोलू.

यंदा पैसे घालू नका, असंच माझं मत. विमानभाडं आणि तिथलं राहणं-खाणं आपल्या हिशेबाने फार महाग आहे, आणि केळीचा भाव तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. त्याऐवजी देशातल्या तीन विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीला अर्ज करू दे. त्यात विद्यावेतन मिळतं आणि चांगल्या प्रयोगशाळेत दोन महिने काम करता येतं. एम.एस्सी. करताना स्वालबार्डचा विचार जास्त शोभेल. याच क्षेत्रात राहायचं तर नेट-जेआरएफची, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती देणाऱ्या राष्ट्रीय परीक्षेची, तयारी हवी. गोव्याचं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र स्वालबार्डमध्येच २००८ पासून ‘हिमाद्री’ हे भारताचं केंद्र चालवतं. संशोधक म्हणून तिथे गेली, तर खर्च प्रकल्पातून निघतो.

तरीही कधी कोर्सला गेलीच, तर दोन कामं आधी करा. स्वालबार्डला वेगळा व्हिसा लागत नाही, पण वाट नॉर्वेतून जाते. नॉर्वे शेंगेन या युरोपीय देशांच्या सामाईक व्हिसाच्या क्षेत्रात येतो, स्वालबार्ड त्याबाहेर; परतताना त्यात पुन्हा प्रवेश करावा लागतो. म्हणून शेंगेन व्हिसा दोनदा प्रवेशाचा घ्या, नाहीतर परतीला अडकेल. आणि कोर्सचे क्रेडिट आपल्या विद्यापीठात धरले जातील, हे विभागप्रमुखांकडून लेखी घ्या. ‘होऊन जाईल’ एवढ्यावर तिकीट काढू नका.