डेलिगेट म्हणून पहिल्यांदा जाताना

भावा, एएच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, परिषदेला आपल्या ग्रुपांचा प्रतिनिधी म्हणून चाललायस, तर अजेंडा गाडीत वाचीन म्हणू नकोस. आधी खानापूर, निपाणीच्या मीटिंगांत जाऊन बस. कन्नड ग्रुपचंही ऐक, सीमावाद बाहेरच्या लोकांना करू दे. ऐक सगळ्यांचं, पण मत बांधून नेऊ नकोस. एएच्या सेवाकामाच्या १२ संकल्पनांतली (तत्त्वांतली) तिसरी तुला तिथली चर्चा ऐकून स्वतः ठरवायचा हक्क देते. महत्त्वाच्या ठरावाला साधं बहुमत पुरत नाही, दोन तृतीयांश लागतं. आणि पाचव्या संकल्पनेप्रमाणं, हरलेल्या बाजूला मतदानानंतरही बोलू देतात. पहिल्या वर्षी मी नेमका तेव्हाच चहाला उठलो, नि आत फेरमतदान झालं! कुणाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नकोस. रात्री लॉजवर जीव कासावीस झाला तर स्पॉन्सरला, म्हणजे तुला सांभाळणाऱ्या जुन्या मेंबरला, उठव. कुंद्याचे मात्र दोन डबे ने, एक पुरत नाही.